मदत हवी आहे: आज्याच्या बँड कंपनीतला जुना ड्रमसेट, मॉडेल आणि साल कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. ड्रमसेटमधलं मला काडीचं कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गणपतीच्या आधी घर रंगवायला काढलं म्हणून माळा रिकामा करत होतो तर जुन्या सतरंजीत गुंडाळलेला अख्खा ड्रमसेट गावला. आज्याची लग्नातली बँड कंपनी होती, क्लॅरिनेट, ट्रंपेट, साइड ड्रम सगळं होतं, ते बंद पडून जमाना झाला. मला वाटायचं सगळं भंगारात गेलं, खरं हा राहिला बघा.

बेस ड्रम (सगळ्यात मोठा, पायानं वाजवायचा) २० इंची, छोटा टॉम (काडीनं वाजवायचा ड्रम) १२ चा, तीन पायांवर जमिनीवर ठेवायचा फ्लोअर टॉम १६ चा, एक स्नेअर (खाली तारा ताणलेला ड्रम), मोडलेलं पेडल आणि दोन झांजा. वरनं मोत्यासारखं पांढरं प्लास्टिक चिकटवलंय, म्हणजे आता पांढरं कसलं, चहाचा कप न धुता ठेवल्यावर आतनं येतो तसला रंग. बोल्ट जिच्यात बसतो ती एक डबी खोलून बघितली तर खाली डबीच्याच आकाराचा शुभ्र ठसा, भिंतीवरनं कॅलेंडर काढल्यावर दिसतो तसा. लाकूड पातळ आहे, खरं दोन्ही कडांना आतनं जाड लाकडी रिंग बसवलीय. बॅजवर प्रीमियर असं कंपनीचं नाव, मेड इन इंग्लंड. नंबर कुठंच नाही, टॉर्च लावून बघितलं. एका झांजेवरची अक्षरं पुसलीत, फक्त 'झिन' एवढंच राहिलंय, म्हणजे झिल्जियन, ती झांजांची नावाजलेली कंपनी, असणार ना?

आता खरा घोळ. बेस आणि दोन्ही टॉम, तिन्ही ड्रमची हेडं (वर ताणून बसवतात ते पडदे) फाटलीत म्हणून बेळगावातनं नवीन आणली. बेस ड्रमचं झकास बसलं. टॉमची दोन्ही बसेनात! थोडक्यासाठी, अगदी सूतभर कमी पडतंय. टेप लावला तर टॉम बाहेरनं बरोबर १२ इंच भरतो आणि हेडपण १२ चंच म्हणून दिलंय, मग अडतंय कुठं? आमचा सुतार म्हणतोय पावसानं लाकूड फुगलंय, कडेनं रंधा मारून देतो. उद्या येणार आहे तो.

आणि साल. आज्जी म्हणते पोर्तुगीज असताना गोव्यातनं चोरून आणलेला. काका म्हणतो काहीतरीच, गोवा सुटल्यावर मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडनं जुना घेतला. जेवताना रोज हाच विषय. विकायचा नाही, फक्त कळायला पाहिजे.

---

प्रतिसाद:
भावा, आधी त्या सुताराला फोन कर आणि नको म्हणून सांग. बाकीचं मग वाच.

लाकूड फुगलेलं नाही. फुगलं असतं तर दोन्ही टॉम एकाच हिशोबात कसे फुगले आणि बेस का नाही फुगला? जुने इंग्लिश टॉम मापालाच तसे असायचे. आजच्या १२ च्या टॉमचं लाकूड बाहेरनं १२ ला थोडं कमी असतं म्हणून हेड वरनं सहज सरकतं. तुझा पुरा १२ भरतोय, म्हणजे जुनं माप, त्याला प्री-इंटरनॅशनल म्हणतात. प्रीमियरनं १९६८ च्या सुमारास अमेरिकन माप धरलं. म्हणजे तुझा सेट त्याच्या आधीचा. जे हेड बसत नाही म्हणून तू वैतागलायस तोच तुझा जन्मदाखला आहे, आणि त्याच्यावर तू रंधा मारायला निघालायस!

मॉडेल म्हणशील तर त्या काळात प्रीमियरच्या कॅटलॉगात अख्ख्या सेटला आउटफिट नंबर असायचा, कुठल्या मापाचे ड्रम एकत्र त्यावरनं. त्यामुळं ड्रमवर मॉडेल शोधत बसू नकोस. स्नेअरला मात्र नाव असतं. खालच्या तारा कशा आहेत सांग. आणि हेड दाबून धरणारं वरचं धातूचं कडं असतं, त्याला लोहचुंबक लावून बघ.

---

प्रतिसाद:
झिल्जियन नाही ओ ती. झिन हा प्रीमियरचाच झांजांचा ब्रँड, अक्षरं पुसलेली नाहीत, नाव तेवढंच आहे. सुपर झिन म्हणून वरची जात होती, असेल तर लिहिलेलं दिसेल. आणि हसू नका त्या सेटला, बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार १९६३ मध्ये लुडविग कंपनीचा सेट घेईपर्यंत प्रीमियरच वाजवत होता.

---

धागाकर्ता:
सुताराला सांगितलं. रागावलाय जरा, दोनदा विचारलं त्यानं नक्की ना म्हणून.

फ्रिजवरचा गणपतीवाला चुंबक लावून बघितला, कड्याला चिकटत नाही. स्नेअरच्या तारा दोन्ही बाजूला पट्टीत अडकवल्यात, खटका ओढला की दोन्हीकडनं एकदम खाली सरकतात, सैल पडत नाहीत, तशाच ताणलेल्या राहतात. गंजलंय खरं चालतंय. खटक्याचा आवाज ऐकून आज्जी स्वयंपाकघरातनं बाहेर आली, म्हणाली हा आवाज ओळखीचा आहे.

---

प्रतिसाद:
चिकटत नाही म्हणजे कडं ओतीव आहे, डाय कास्ट. प्रीमियरची तीच खूण, पत्र्याचं असतं तर चिकटलं असतं. म्हणजे कडी बदललेली नाहीत. आणि तारांचं जे सांगितलंस ते ऐकून स्नेअर बहुतेक प्रीमियरचा रॉयल एस नावाचा, जपून ठेव, खटक्याला नुसतं मशीनचं तेल सोड, पॉलिश पेपर अजिबात लावू नको. हेड मागवताना दुकानात १२ इंच एवढंच सांगू नको, प्री-इंटरनॅशनल १२ असं सांग. १६ चंपण तसंच. नाहीतर परत तेच येणार.

---

धागाकर्ता:
लई उपकार झाले. ६८ च्या आधीचा एवढं घरात सांगितलं, तर आज्जी म्हणाली बघ मी सांगत होते, आणि काकापण म्हणाला बघ मी सांगत होतो. आता गोवा सुटला त्या ६१ च्या आधी का नंतर हे ओळखायची कुठली खूण असेल तर तेवढी सांगा. फोटो उद्या टाकतो, आज लाइट नाही.