ड्रॅगनला कोणी मारावे? जॉन रेटलिफ यांचे संशोधन आणि त्यांचे खेळ

प्रश्न : रानवाट

नमस्कार. मी इंग्रजी साहित्यात प्रबंधिका लिहीत आहे आणि तिचा विषय टॉल्किनचे अभ्यासक जॉन डी. रेटलिफ हा आहे. साहित्याच्या वर्गात त्यांचे नाव टॉल्किनच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीच्या खर्ड्यांवरील ‘द हिस्टरी ऑफ द हॉबिट’ या २००७ साली दोन खंडांत आलेल्या ग्रंथामुळे घेतले जाते. मात्र याच माणसाने आधी टीएसआर आणि पुढे विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपन्यांत काम करून डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिकाखेळाची (यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो) पुस्तके संपादित केली आणि त्यासाठी साहसेही, म्हणजे खेळण्यासाठी आखून दिलेली कथानके, रचली. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की ही बाजू तळटीपेत एका वाक्यात उरकावी, कारण तो चरितार्थाचा भाग होता, विद्वत्तेचा नव्हे.

मला हे पटत नाही, पण नुसत्या न पटण्यावर प्रकरण उभे राहत नाही. गेली तीन वर्षे आम्ही पाच जण दर रविवारी खेळायला बसतो. रेटलिफ यांनी लिहिलेले ‘रिटर्न टू द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ खेळताना मला सारखे जाणवत होते की हस्तलिखिते वाचणारा हात आणि हे साहस लिहिणारा हात एकच आहे. या दोन कामांत खरोखर आतले नाते आहे का, आणि असल्यास नेमके बोट कुठे ठेवता येईल?

उत्तर : अक्षरवेध

आपला प्रश्न योग्य आहे, पण त्याची सुरुवात खेळापासून न करता हस्तलिखितांपासून करावी असे मी सुचवेन.

टॉल्किनने ‘द हॉबिट’ची हस्तलिखिते १९५७ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठाला विकली, त्या व्यवहारात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची हस्तलिखितेही होती आणि एकूण किंमत होती १५०० पौंड. रेटलिफ यांनी याच विद्यापीठात डॉक्टरेट केली. टॉम सँटोस्की या अभ्यासकाने हाती घेतलेले ‘द हॉबिट’च्या हस्तलिखितांचे काम १९९१ साली त्यांच्या अकाली निधनाने थांबले, तेव्हा ते रेटलिफ यांच्याकडे आले आणि पूर्ण व्हायला आणखी सोळा वर्षे लागली.

आपल्याकडे पाठचिकित्सा म्हटले की भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती डोळ्यांसमोर येते. तिथे शेकडो पोथ्या एकमेकींशी ताडून, मागाहून चिकटलेले भाग बाजूला काढत, पोथ्यांच्या आधारे जाता येईल तितक्या जुन्या पाठापर्यंत मागे जायचे असते. रेटलिफ यांचे काम या जातीचे नाही, आणि हा फरक आपण प्रबंधिकेत ठळकपणे मांडावा. येथे लेखक एकच आहे, कागद त्याच्याच हातचे आहेत आणि ‘खरा पाठ कोणता’ हा वादच नाही. त्यामुळे कथा कोणकोणत्या वाटांनी जाऊ शकली असती आणि कोणत्या वळणावर तिने एक वाट सोडून दुसरी धरली, हे टप्प्याटप्प्याने दाखवणे एवढेच संपादकाचे काम उरते.

एक उदाहरण जवळून पाहा. अगदी आरंभीच्या खर्ड्यात ड्रॅगनचे नाव प्रिफ्टन आहे, जादूगाराचे नाव ब्लाडॉर्थिन आहे, आणि गँडाल्फ हे नाव आहे बुटक्यांच्या म्होरक्याचे. पुढच्या एका आराखड्यात तर ड्रॅगनला मारतो तो खुद्द बिल्बो, कथेचा नायक हॉबिटच. तो आपली छोटी जादूची सुरी ड्रॅगनच्या अंगात खुपसतो, सुरी आत नाहीशी होते, ड्रॅगनच्या तडफडण्याने भिंती कोसळतात आणि बिल्बो एका सोन्याच्या वाडग्यात बसून ड्रॅगनच्या रक्तावर तरंगत खोल अंधाऱ्या विवरात जातो. छापील पुस्तकात यातले काहीही नाही. तिथे बार्ड नावाचा धनुर्धर सरोवरनगरीत काळ्या बाणाने ड्रॅगनला पाडतो. मी हा आराखडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो, कारण ज्या गोष्टीचा शेवट मला शाळेपासून तोंडपाठ होता तो कधी काळी ठरलेलाच नव्हता, हे प्रथमच नीट उमगले.

अशा कागदांसोबत वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला कथेचा शेवट ही ठाम गोष्ट वाटणे अवघड आहे. भूमिकाखेळाचे साहस लिहिणाऱ्याचे काम तर नेमके याच ठिकाणी सुरू होते. गुहा कुठे आहे, तिच्यात कोण राहते, त्याला काय हवे आहे, हे तो लिहितो. ड्रॅगनला कोणी मारायचे, किंवा मुळात मारायचे की नाही, हे टेबलाभोवतीचे खेळाडू आणि फासे ठरवतात. आपण बोट ठेवायचे ते इथे, असे मला वाटते.

उत्तर : भुयारातला दिवा

मी पंधरा वर्षे डंजन मास्टर म्हणून, म्हणजे कथा सांगत, खेळ चालवतो आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स यांच्या १९७९च्या मूळ ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसामध्ये गढीतल्या माणसांना नावे नाहीत. गढीचा अधिपती, लोहार, पुजारी असे नुसते हुद्दे आहेत, आणि ‘अज्ञात गुहा’ म्हणून एक जागा डंजन मास्टरने स्वतः भरावी यासाठी मुद्दाम कोरी ठेवलेली आहे. रेटलिफ यांचे साहस १९९९ साली खेळाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त आले आणि ते त्याच प्रदेशात वीस वर्षांनंतर घडते. पहिले साहसी येऊन गेले, गुहा एकदा रिकाम्या झाल्या, आणि मग त्यांत पुन्हा वस्ती झाली. जुना मजकूर खोडून त्यावर नवा लिहिण्याऐवजी जुना मजकूर हाच तिथला इतिहास मानणे, ही मला अभ्यासकाचीच रीत वाटते.

आपण ‘रिव्हर्स डंजन’ही जरूर पाहावे. ब्रूस कॉर्डेल यांच्यासह रेटलिफ यांनी ते २००० साली केले आणि त्यात खेळाडू राक्षसांच्या बाजूने खेळतात. भुयार हे त्यांचे घर असते आणि साहसी हे घुसखोर. आमच्या टेबलावर एका मैत्रिणीने गॉब्लिन म्हणून पहिली गोष्ट काय केली असेल, तर नकाशा स्वतःकडे ओढून, पिल्ले कोणत्या खोलीत आहेत, हे विचारले. इतकी वर्षे मी नकाशे मांडत आलो, पण तो प्रश्न तोवर मला कोणी केला नव्हता.

आणखी एक गोष्ट. ‘द हॉबिट’च्या १९३७च्या आवृत्तीत गोलम हा गुहेतला प्राणी बिल्बोशी लावलेल्या कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून सरळपणे देऊ करतो. १९५१च्या आवृत्तीत टॉल्किनने ते प्रकरण बदलले आणि जुनी हकिगत म्हणजे बिल्बोने सांगितलेले खोटे होते, असा मेळ घातला. मागच्या रविवारी सांगितलेले या रविवारी जुळेनासे झाले की कोणताही डंजन मास्टर हेच करतो : मागचे पुसत नाही, ते कोणा पात्राच्या तोंडी घालतो. रेटलिफ यांच्या ग्रंथात या बदलाची चर्चा वाचताना मला ती फार ओळखीची वाटली.

उत्तर : पानगळ

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, तरी एक सावधगिरी सुचवते. हस्तलिखितांमुळे खेळ असे झाले, हा कार्यकारणभाव दाखवायला कठीण आहे. उलट खेळ रचल्यामुळे हस्तलिखिते वाचण्याची नजर तयार झाली, असेही म्हणता येईल, कारण ग्रंथ प्रसिद्ध झाला तो या खेळांनंतर. शिवाय या खेळाची २०००ची तिसरी आवृत्ती हे अनेकांचे काम आहे आणि तिथे रेटलिफ संपादकांपैकी एक होते. जी साहसे त्यांच्या नावावर आहेत त्यांपुरतेच विधान करावे.

मला जास्त भक्कम धागा डनसेनीचा वाटतो. रेटलिफ यांचा डॉक्टरेटचा प्रबंध टॉल्किनवर नाही, लॉर्ड डनसेनी या आयरिश लेखकाच्या लघुकथांवर आहे. डनसेनीच्या १९१२च्या संग्रहात चोर आणि ‘नोल’ यांची एक कथा आहे. तिच्यात चोराचा शागीर्द नोलांच्या घरी चोरी करायला जातो आणि पकडला जातो, पण नोल दिसतात कसे आणि त्याचे करतात काय, हे लेखक सांगतच नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४च्या पहिल्या नियमपुस्तिकांत नोल आले ते याच कथेतून, आणि डनसेनीने हे फारसे स्पष्ट केलेले नाही, अशी नोंद तिथेच कंसात आहे. पुढे १९७७च्या राक्षससंग्रहात त्यांना तरसाचे तोंड मिळाले. मूळ ‘कीप’च्या गुहांमध्ये नोलांचेही बिऱ्हाड आहे. म्हणजे डनसेनीवर प्रबंध लिहिलेला माणूस ज्या गुहांकडे परत गेला, त्यांत डनसेनीचेच प्राणी राहत होते.

रानवाट

तिघांचेही मनापासून आभार. डनसेनीचा धागा माझ्या लक्षातच आला नव्हता. कार्यकारणभावाचा दावा मी काढून टाकते आणि प्रकरणाची सुरुवात १९१२च्या कथेतल्या त्या न दाखवलेल्या नोलांपासून करते. तिथून १९७४, १९७९ आणि १९९९ असे पुढे जाता येईल. सोन्याच्या वाडग्यातला बिल्बो त्यानंतर येईल. शुक्रवारी मार्गदर्शकांना भेटायचे आहे, तेव्हा तळटीप न नेता हे प्रकरणच घेऊन जाईन.