कनेक्शन 'बंद' करायचं, 'परत' करायचं की 'सोडायचं'?

खलबत्ता
ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांसाठी डेटाबेसची टिपणं मराठीत लिहितेय. एका ठिकाणी कनेक्शनबद्दल, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीबद्दल लिहिलं, 'काम झालं की कनेक्शन बंद करा.' एका मुलाने अगदी तसंच केलं, कोडमध्ये क्लोज लिहिलं. मग पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे चालू कनेक्शनांची यादी पाहिली, तर दहाच्या दहा ओळी जागच्या जागी. बिचारा दोन दिवस स्वतःचाच कोड उलटापालटा करत बसला. चूक माझ्या शब्दाची होती. मध्ये पूल आहे, म्हणजे उघडून ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा. तिथे क्लोज म्हटलं की कनेक्शन बंद होत नाही, पूलमध्ये परत जातं. खरी गळती, म्हणजे घेतलेलं कनेक्शन परतच न येणं, वेगळीच निघाली. दहातल्या एका ओळीपुढे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (व्यवहार अर्धवट ठेवून रिकामं बसलेलं), वेळ सकाळी १०:४० ची, आणि आम्ही बघत होतो दुपारी ३ वाजता. एका रिपोर्टमध्ये एरर आली की कोड क्लोजपर्यंत पोचतच नव्हता. कनेक्शन खरंच बंद होणं आणि पूलमध्ये परत जाणं, या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द हवेत. काय लिहू?

ओसरी
'परत करा' लिहा. वाचनालयाचं पुस्तक मिटून घरीच ठेवलं तर दुसऱ्याला कसं मिळणार?

देवनागर
आधी तो 'बंद' काढा, फारसी आहे. आणि 'कनेक्शन' तरी कशाला? नळजोडणी, वीजजोडणी सगळ्यांना कळते. सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर आज कुणाला जड वाटतात का? 'जोडणी मिटवा' म्हणा.

पाटावरवंटा
मिटवतात ते भांडण, नाहीतर कर्ज. जोडणी कुणी मिटवत नाही. आणि 'बंद' फारसी खरा, पण संस्कृत 'बन्ध' त्याचा सख्खा भाऊ. बाराबंदीचे बंद आठवा. मुळात बांधण्याचा शब्द, तो आपण जोडणी सोडायला वापरतोय. मला खटकतं ते हे, फारसी असणं नाही.

जुनी लाइन
मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली. जुन्या यांत्रिक एक्सचेंजात ज्याने फोन लावला त्याने ठेवल्याशिवाय लाइन सुटत नसे. समोरच्याने कितीही वेळा ठेवला तरी त्याची लाइन अडकलेलीच. एकदा एका दवाखान्याची लाइन अशी अडकली. पलीकडे कुठल्यातरी घरात रिसीव्हर तिरका पडलेला. आम्ही लाइन जोडणारा सिलेक्टर हाताने सोडवला, तेव्हा दवाखान्याचा फोन पुन्हा वाजू लागला. ताई, तुमची १०:४० ची ओळ म्हणजे तोच तिरका रिसीव्हर. आमच्यात 'लाइन बंद झाली' कुणी म्हणत नसे. 'सुटली' म्हणत. तुम्ही 'सोडा' लिहा.

खलबत्ता
जुनी लाइन काका, 'सोडा' मनापासून आवडला. टिपणात तोच घालते.

पिंपळपार
नका घालू! 'सोडून दिलं' म्हणजे वाऱ्यावर सोडलं. एरर आल्यावर कोडने कनेक्शन वाऱ्यावर सोडलं म्हणून तर गळती झाली. तोच शब्द दुरुस्तीला कसा वापरता? शिवाय अशी ओळ नुसती बसून राहत नाही, डेटावर घेतलेली कुलपं (लॉक) धरून बसते. टेबलातल्या मेलेल्या ओळी झाडणाऱ्या पोस्टग्रेसच्या व्हॅक्यूमलाही अडवते. मुलांना शब्दाआधी हे सांगा की क्लोज फायनलीमध्येच लिहायचं, एरर आली तरी तो भाग चालतोच. जावात आपोआप क्लोज करणारा ट्राय-विथ-रिसोर्सेस ७ पासून आहे, तो वापरा. पायथनमध्ये मात्र जपा: सायकोपीजी२ या पोस्टग्रेसच्या लायब्ररीत कनेक्शनचा 'विथ' भाग संपला की ट्रान्झॅक्शन कमिट (पक्कं) होतं, कनेक्शन उघडंच राहतं. आणि पोस्टग्रेस ९.६ पासून अशा ओळींना टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर आपोआप तोडायची मुदत, लावता येतो. मुळात तो शून्य, म्हणजे बंद असतो.

पाटावरवंटा
बघा, इथेही 'बंद'च आला!

ओसरी
आणि कनेक्शन जबरदस्तीने संपवायला पीजी_टर्मिनेट_बॅकएंड मारतो त्याला काय म्हणायचं? बिल थकल्यावर वीज तोडतात, तसं 'तोडणं'च ना?

पिंपळपार
हो, ते तोडणंच. त्यावर वाद नाही.

देवनागर
मग राहिलं काय? सरळ 'वाढवा' म्हणा. माझी आजी 'दुकान बंद केलं' असं कधी बोलली नाही. 'दुकान वाढवलं' म्हणायची. उद्या पुन्हा उघडायचंय, हे त्यात गृहीत. पूलचं कनेक्शन तसंच, आज ठेवलं तरी पुन्हा वापरायचं. इतका नेमका शब्द घरात असताना बाहेर का शोधायचा?

पिंपळपार
'कनेक्शन वाढवा' वाचून मुलं मॅक्स_कनेक्शन्स, म्हणजे एकूण कनेक्शनांची मर्यादा, १०० ची ५०० करतील! सर्व्हर बसेल.

पाटावरवंटा
पण देवनागरांचा मुद्दा मोलाचा आहे. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात. तिथे मात्र पुन्हा जोडायचं नसतं. म्हणजे 'वाढवणं' शेवटाचं की थांबण्याचं?

चाफेकळी
आमच्याकडे बांगडी 'फुटली' म्हटलं की आई तोंडावर हात ठेवायची. 'वाढली म्हण' म्हणायची आणि तुकडे पदरात वेचून तुळशीपाशी ठेवायची. कचऱ्यात टाकू देत नसे.

खलबत्ता
सोमवारी दुसरी तुकडी येतेय. ते वाक्य अजून कोरंच आहे.

देवनागर
चाफेकळी, तुळशीपाशीच का? आमच्याकडे विहिरीत सोडत.