गोदाम कंपनीचं नव्हे, आरमाराचं

ॲमस्टरडॅमच्या सागरी संग्रहालयाची इमारत डच ईस्ट इंडिया कंपनीचं गोदाम होती, असं कुणीतरी लिहिलंय. तेवढी दुरुस्ती करतो: १६५६ची ही वास्तू आरमाराची. शिडं, दोरखंड, तोफा इथे रचलेल्या असत. कंपनीचं आहे ते बाहेर धक्क्याला बांधलेलं 'ॲमस्टरडॅम' जहाज, तेही प्रतिकृती. मूळ जहाज १७४९मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या किनाऱ्यावर रुतलं. प्रतिकृतीच्या खालच्या मजल्यावर मान वाकवूनच चालावं लागतं. माणसं तिथे कित्येक महिने कशी राहिली असतील!

मला मात्र सर्वांत भावलं ते संग्रहालयाच्या आतल्या चौकावरचं काचेचं छत. जुन्या सागरी नकाशांवरच्या दिशारेषांचं जाळंच ते. खाली उभं राहिलं की वेंगुर्ल्याची डच वखार आठवते, पडक्या भिंतींची. तिच्यावरही असंच प्रेमाने छत यायला हवं.