माळ्यावरचे कोरे सेफ्टी शूज अर्ध्या दिवसात गेले. आता कोणते घेऊ?

नवशिका_फिटर
नमस्कार. डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करून यंदाच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ इंजिन दुरुस्तीच्या गॅरेजात लागलोय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच होड्या दुरुस्तीला येतात, त्यामुळे सध्या आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नाही.

बाबांनी २०१८ साली मुंबईहून स्टील टोचे बूट आणले होते, माझ्या कामी येतील म्हणून. एकदाही न घातलेले, खोक्यात बांधून माळ्यावर ठेवलेले. परवा घातले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत डाव्या बुटाचा तळ वाळक्या शेणीसारखा भुगा होऊन पडला. वरचं चामडं अजून चकाकतंय. बाबा रात्री नीट जेवलेसुद्धा नाहीत. दुकानदाराने फसवलं का त्यांना?

आणि आता कोणते घेऊ? गॅरेजात बाकी सगळे चपलांवर काम करतात. म्हणतात, वर काही पडलं तर बुटातली, बोटांवरची स्टीलची वाटी वाकून बोटंच कापते. हे खरं आहे का? दोन हजारांच्या वर जमणार नाही.

जुना_डिझेलवाला
बाळा, आधी बाबांना सांग की त्यांना कुणी फसवलेलं नाही. तो तळ पॉलियुरेथेनचा, दुकानात ज्याला पीयू म्हणतात. हलका आणि मऊ असतो, पण हवेतला ओलावा त्यात शिरतो आणि आतून त्याचे बंध तोडतो. उष्णता असेल तर आणखी लवकर. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बाकीचे महिने खारा दमट वारा, आणि कौलाखालचा माळा म्हणजे मे महिन्यात भट्टी. सात वर्षं तिथे राहिलेला पीयू कोरा असला तरी संपलेलाच असतो. म्हणून बूट घेताना बुटाच्या जिभेवर (नाडीखालच्या पट्टीवर) किंवा आतल्या बाजूला छापलेलं उत्पादनाचं वर्ष वाच. दोन-तीन वर्षं दुकानात पडून असलेला जोड निम्म्या किमतीत दिला तरी घेऊ नको.

बोटं कापण्याची गोष्ट मी सव्वीस वर्षं ऐकतोय. आयएसआयच्या खुणेसोबत आयएस १५२९८ भाग २ (सेफ्टी शूजचं भारतीय मानक) लिहिलेला बूट बघ. त्याची वाटी २०० ज्यूलचा मार सोसते, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तरी आत बोटांना जागा राहते. वाटी बोटांवर मुडपेल एवढा मार बसला तर चपलेतल्या पायाचं काय झालं असतं, हे त्या सोबत्यांना विचार. मी विसाव्या वर्षी चपलांवर काम करत होतो. गिअर बॉक्सचं झाकण हातातून निसटलं. उजव्या अंगठ्याचं नख परत कधी आलं नाही, थंडीत अजून ठणकतो. माझ्या मालकाने तेव्हा बूट दिले नव्हते आणि मीही मागितले नाहीत. तू माग. तुझ्या मालकाने द्यायला हवेत.

भाग ३ लिहिलेला बूट दिसायला तसाच असतो, पण तो १०० ज्यूलचाच. दुकानदार सांगत नाही, आपण वाचायचं.

तुझ्या कामाला एस३ असा वर्ग छापलेला बूट बघ. त्यात तळाखाली खिळा न घुसणारा थर असतो आणि वरचं चामडं पाणी लवकर आत घेत नाही. जुन्या लाकडी होड्यांच्या काढलेल्या फळ्या खिळ्यांसकट इकडेतिकडे पडलेल्या असतात, त्यामुळे हा थर तुला वाटीइतकाच लागेल. तळ नायट्राइल रबराचा घे. डिझेल-ऑइलने तो फुगत नाही आणि तेलकट जमिनीवर पकड देतो. मात्र खालून रबर आणि मधे पीयूचा थर असलेलेही मिळतात, तो मधला थर तसाच सडतो. पूर्ण रबराचा तळ आहे का, हे विचारूनच घे. वजन जास्त लागेल, आठवड्यात सवय होते.

माप संध्याकाळी दे, तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. कामावरचे मोजे घालून बघ. दुकानातच उकिडवा बस, इंजिनाखाली बसतोस तसा, आणि बोटं वाटीला टेकतात का पाहा. चामडं सैल होतं, वाटी कधीच होत नाही. आपण लहानपणी अनवाणी हिंडलेली माणसं, आपले पंजे पसरट. नंबर बरोबर असूनही करंगळी घासत असेल तर रुंद पंजाचा मागून घे.

जांभा_चिरा
काकांच्या म्हणण्यात एक भर घालतो, कारण आमच्याकडे यात माणसं फसतात. मी चिरेखाणीवर लोडिंग बघतो. चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, तीस किलोच्या आसपास भरतो. कमरेच्या उंचीवरून सुटला तर मार ३०० ज्यूलच्या जवळ जातो, म्हणजे वाटीच्या हिशोबाच्या बाहेर. गुडघ्याच्या उंचीवरून सुटला तर दीडशेच्या आत. म्हणून मी पोरांना सांगतो, बूट घातलाय म्हणून चिरा वरून टाकायचा नाही, खाली वाकून ठेवायचा. शिवाय वाटी फक्त बोटांवर असते, पायाचा उंचवटा उघडाच.

एकदा जोराचा मार बसला की तो बूट कामाचा नाही. वाटी ठोकून सरळ करून परत घालणारे मी पाहिलेत.

सुरूच्या_बनातली
आमचे हे जेट्टीवर वेल्डिंग करतात, बुटांची निगा मी ठेवते. घरी आल्या आल्या गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचे, नाहीतर मीठ सुकून चामड्यावर पांढरे डाग येतात आणि तिथेच ते तडकतं. आतली गादी बाहेर काढायची, नाडी पूर्ण सैल करायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. दोन तासांनी बोळे बदलायचे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात कधीच नाही, मी एकदा चुलीपाशी ठेवले तर चामडं पापडासारखं झालं. पावसात रात्रभर टेबलफॅनसमोर. बुरशी दिसली तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसते, सावलीत वाळवते, मग पॉलिश.

जमेल तेव्हा दुसरा जोड घ्याच. एक दिवस हा, एक दिवस तो. एकच ओला जोड रोज घातला तर पायांना चिखल्या होतात. डब्यासोबत मोज्यांचा सुका जोड नेत जा, दुपारी बदलायला. कुणाला साखर असेल तर रात्री बोटांच्या मधे बघायचंच, कारण त्यांना जखम झालेली कळत नाही.

नवशिका_फिटर
सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांशी बोललो, अर्धे पैसे ते देणार आहेत. दोन शंका. पावसात होडी धुताना स्टील टोचे गमबूट चालतील का? आणि बाबांच्या बुटाला चांभाराकडून नवा तळ लावला तर?

जुना_डिझेलवाला
धुण्याला गमबूट उत्तम, त्यात एस५ बघ, म्हणजे खिळा न घुसणारा थर असलेला. पण वेल्डिंगची ठिणगी उडते तिथे पीव्हीसीचे गमबूट घालून उभा राहू नको, वितळून पायाला चिकटतात.

बाबांचे बूट गॅरेजात नकोत. तो तळ साच्यात ओतून चामड्याला धरलेला असतो, नंतर चिकटवलेल्या तळावर भरवसा ठेवता येत नाही. पण चामडं चांगलं आहे म्हणतोस, तर टाकू नको. चांभाराकडून रबराचा तळ चिकटवून, कडेने शिवून घे आणि बाबांनाच दे. कलमांच्या आळ्यात उतरताना काट्याकुट्यात घालतील.