मदत हवी आहे: रक्ताचा रिपोर्ट ९२ आलाय, कोर्टात टिकेल का?

घाईत_आहे: भावावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आहे. रक्तात ९२ निघालंय, मर्यादा ८०. तो म्हणतो दोनच घेतल्या होत्या. मंगळवारी तारीख आहे. वकील म्हणतो गुन्हा कबूल करून मोकळे व्हा. रिपोर्टला आव्हान देता येतं का? हो की नाही एवढंच सांगा, प्रवचन नको.

जुना_खटला: ९२ काय? आणि ८० कुठली? भारतात १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ आहे.

घाईत_आहे: भारतातली केस नाही. युनिट तेच. लिहिलंय ना ८०.

सरळमार्गी: पण पिऊन चालवलीच कशाला?

मधला_बाक: आमच्या साडूला असंच धरलेलं. माउथवॉशने चूळ भरली होती आणि १५ मिनिटं न थांबता फुंकायला लावलं. सुटला.

नळीवाली: इथे फुंकण्याचा विषयच नाही हो, रक्ताचा आहे. मी लॅबमध्ये आहे म्हणून विचारते, रक्त कुठे काढलं? नळीचं बूच राखाडी होतं का? त्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते नसेल आणि नमुना उबेत पडून राहिला, तर जंतू साखर आंबवून नळीतच दारू गाळतात.

घाईत_आहे: बुचाचा रंग मी कशाला बघू? अपघातानंतर अँब्युलन्सने नेलं, तिथे काढलं.

नळीवाली: अपघात झाला हे आत्ता सांगताय! रिपोर्टवर ‘सीरम’ लिहिलंय का?

घाईत_आहे: हो. इथेनॉल, सीरम. मग?

नळीवाली: मग बरंच काही. सीरममधून पेशी काढलेल्या असतात, त्यामुळे पाण्याचं प्रमाण जास्त, आणि दारू पाण्यातच राहते. आकडा अख्ख्या रक्तापेक्षा साधारण १.१२ ते १.१८ पट येतो. ९२ भागिले १.१५ म्हणजे बरोब्बर ८०. कायदा अख्ख्या रक्ताचा आकडा मागत असेल तर भाऊ काठावर आहे. शिवाय दवाखान्यात एन्झाइमची चाचणी करतात. जबर जखमी माणसाच्या रक्तात लॅक्टेट आणि एलडीएच ही द्रव्यं वाढलेली असली की ती फसू शकते, दारू नसताना दाखवते. कोर्टासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी हवी, ती दारू वेगळी काढून मोजते.

मधला_बाक: सुई टोचण्याआधी स्पिरिटने पुसलं असेल तर? साडूचा वकील म्हणाला होता...

नळीवाली: नीट काढलं असेल तर नगण्य फरक. साडूला आता राहू द्या.

जुना_खटला: गणित छान आहे, पण केसेस सुटतात त्या सील, सही आणि नमुना कुणाकुणाच्या हातातून गेला यावर. आणि सरकारी वकील गप्प बसणार नाही. विडमार्कचं सूत्र काढून मागे मोजेल, म्हणजे गाडी चालवताना रक्तात किती दारू होती ते. तासाला १० ते २५ मिग्रॅ उतरते. अपघात किती वाजता, रक्त किती वाजता?

घाईत_आहे: साडेआठ आणि दहा पन्नास. चांगलं की वाईट?

जुना_खटला: वाईट. तासाला १५ धरली तरी ८० चे ११५ होतात.

नळीवाली: चढ संपून उतार लागला होता असं धरलं तर! शेवटचा पेग निघता निघता मारला असेल तर साडेआठला ती अजून चढतच असेल. भावाला तेवढं विचारा. आणि उरलेला नमुना दुसरीकडे तपासायला मागा. आमच्याकडे थोडेच दिवस ठेवतात. अपघात कधीचा?

घाईत_आहे: पाच महिने झाले.

नळीवाली: अहो...