कॉन्फिगरेशनला मराठीत काय म्हणायचं? (वेब सर्व्हरवरच्या सेटिंगबद्दल)

जुळेसोलापूर:
आमच्याकडं चादर-टॉवेलच्या ऑर्डरी घेणारं एक वेब ॲप चालतंय, त्याचा सर्व्हर बघायला आता दोन नवीन पोरं घेतलीत, दोघंही मराठी मीडियमची, डोक्यानं तल्लख. त्यांच्यासाठी मराठीत टिपण लिहायला बसलो, म्हणजे कुठली फाईल कुठं असते, काय बदलल्यावर काय करायचं वगैरे, आणि पहिल्याच ओळीला गाडी अडकली. कॉन्फिगरेशन. संरूपण, विन्यास, संरचना असले शब्द सापडतात पण विन्यास म्हटलं की पोरगं केशविन्यासच समजणार. बरं सेटिंग म्हणावं तर आपल्याकडं सेटिंग लावली म्हणजे आत कुणाला तरी हाताशी धरून काम करून घेतलं, असा अर्थ आधी येतो. तुम्ही काय म्हणता? आणि अजून एक, कॉन्फिग बदलला, बदलली का बदललं?

होटगीरोड:
कॉन्फिगच म्हण की बे, कशाला डोकं खातो. आम्ही ऑफिसात दिवसभर "कॉन्फिग बदलली", "कॉन्फिग हाणली" असंच बोलतो. फाईल स्त्रीलिंगी म्हणून तीपण स्त्रीलिंगी, विषय संपला.

मागमास्तर:
विषय संपला नाही. "कॉन्फिग बदलली" म्हणजे फाईल बदलली का त्यातली एक ओळ बदलली? टिपण नवीन माणसासाठी आहे ना, मग हे वेगवेगळं सांगायला पाहिजे. माझं म्हणणं असं, फाईलला कॉन्फिग फाईल म्हणा, आतल्या एकेका गोष्टीला सेटिंग म्हणा (ते नपुंसकलिंगी ठेवा, "सेटिंग बदललं", मग ते आरटीओवालं "सेटिंग लावली" आपोआप बाजूला पडतं), आणि हे सगळं बसवायच्या कामाला साधं "मांडणी करणे". संरूपण फाईलीत पडून राहू द्या.

आणि पोरांना समजवायचंच असेल तर मागावरून समजवा. जकार्डचा माग तोच, पत्ते (भोकं पाडलेली कार्डं) बदलले की मोर जाऊन फुलं येतात, मागाला कुणी पाना लावत नाही. कोड आणि कॉन्फिग वेगळी का ठेवायची ते एका मिनिटात डोक्यात शिरतं.

चिंचोळी_एमआयडीसी:
मास्तर, बाकी सगळं मान्य पण उदाहरण उलटं बसलंय. पत्ते म्हणजे प्रोग्राम झाला की! जकार्डनं १८०४ ला फ्रान्सात लियोंमध्ये तेच तर केलं, भोक असलं तर सुई आत जाते नि तिचा धागा उचलला जातो, नसलं तर नाही, म्हणजे काय विणायचं ते सगळं पत्त्यातच. कॉन्फिग म्हणजे इंचाला पिक (आडवे धागे) किती आणि ताण्याला (उभ्या धाग्यांना) ओढ किती. मोर तोच राहतो, पण पिक कमी केलं की चादर विरळ निघते आणि गिऱ्हाईक परत आणून टाकतं. ॲपचंही तसंच आहे, डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, अपलोडची मर्यादा, हे टेस्टच्या सर्व्हरवर एक आणि खऱ्या सर्व्हरवर दुसरं, कोड मात्र दोन्हीकडं अक्षरशः तोच. ज्याच्यासाठी कोडला हात लावावा लागत नाही ते सेटिंग, एवढीच व्याख्या लिहा.

मागमास्तर:
हे पटलं. पिकवालं घ्या, माझं काढून टाका.

होटगीरोड:
बरं मग डीफॉल्टला काय लिहिणार? ट्रान्सलेट मारून बघितलं असशीलच.

जुळेसोलापूर:
पूर्वनिर्धारित. बरोबर आहे पण कोण बोलतंय असं? आणि नुसतं डीफॉल्ट लिहिलं तर सोलापुरात निम्म्या लोकांना पतसंस्थेची नोटीसच आठवते, डिफॉल्टर म्हणजे थकबाकीदार.

चिंचोळी_एमआयडीसी:
"आपण काही लिहिलं नाही तर" असं अख्खं वाक्य टाका. पीएचपीमध्ये (वेब ॲप लिहायची भाषा) आपण काही लिहिलं नाही तर २ एमबीच्या वरची फाईल चढत नाही, इंजिनएक्समध्ये (nginx, पुढं उभा असलेला वेब सर्व्हर) आपण काही लिहिलं नाही तर मर्यादा १ एमबीच असते. हे दोन आकडे टिपणात घालाच, कारण गिऱ्हाईक डिझाईनचा मोठा फोटो टाकतं, ४१३ एरर (फाईल फार मोठी) येते, पोरगं पीएचपीचं सेटिंग वाढवून वाट बघत बसतं आणि ४१३ हटत नाही, कारण फाईल पुढं इंजिनएक्सच्या दारातच अडलेली असते, पीएचपीपर्यंत पोचतच नाही. तिथला आकडा वाढवल्याशिवाय काही होत नाही.

ओव्हरराईडलाही (एका सेटिंगनं दुसऱ्याला मागं टाकणं) शब्द नकोच. विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर असाल तर वेब डॉट कॉन्फिग (web.config) ही कॉन्फिग फाईल एकच नसते, सर्व्हरची वेगळी, साईटची वेगळी, आतल्या फोल्डरची वेगळी, आणि जी जास्त आतली तिचं चालतं. पण वरच्यानं एखादा भाग कुलूपबंद केला असला तर आतल्यानं तो लिहिला की सरळ ५००.१९ एरर येते. मराठीत "आतल्याचं चालतं, कुलूप नसेल तर" एवढं पुरतं.

मागमास्तर:
आता खरी अडचण ती रीलोड आणि रीस्टार्टची. पोरं दोन्हीला "सर्व्हर चालू-बंद केला" म्हणतात आणि तिथंच घात होतो. लिनक्सवर इंजिनएक्सला रीलोड दिलं की तो फाईल नव्यानं वाचतो, चुकीची निघाली तर जुन्यावरच चालत राहतो, बरोबर असली तर नवे वर्कर (गिऱ्हाईकांची कामं करणारे त्याचे प्रोसेस) उभे करतो आणि जुन्यांना हातातलं काम संपवून मग जाऊ देतो, गिऱ्हाईकाला पत्तासुद्धा लागत नाही. रीस्टार्टमध्ये आधी बंद होतो, आणि फाईलीत एक अर्धविराम राहिला असला तर परत उठतच नाही, साईट बसली ती बसली. म्हणून एकाला "फेरवाचन" लिहा, दुसऱ्याला "बंद करून उठवणे", म्हणजे कशात काय धोका आहे ते शब्दावरूनच कळेल.

होटगीरोड:
फेरवाचन भारी आहे, पण फोनवर कोण म्हणणार "अरे फेरवाचन कर"? रीलोड मार म्हणणार.

मागमास्तर:
बोलताना मारा की. लिहिताना कंसात ठेवा.

चिंचोळी_एमआयडीसी:
आणि आयआयएसवाल्यांना उलटं सांगायला लागतं. तिथं वेब डॉट कॉन्फिग सेव्ह केली रे केली की डॉटनेटचं ॲप आपोआप नव्यानं सुरू होतं, सेशन (कोण आत आलंय, काय करतंय त्याची नोंद) मेमरीत ठेवलं असेल तर ऑर्डर भरत बसलेली सगळी माणसं बाहेर फेकली जातात. भर दुपारी ती फाईल उघडून नुसता स्पेस वाढवून सेव्ह केली तरी तेच. तिथं "सेव्ह" या शब्दाखालीच लाल रेघ मारा.

जुळेसोलापूर:
आमचं लिनक्सच आहे, त्यामुळं तेवढं वाचलो. सुरुवात अशी केलीय, बघा बसतंय का:

"ज्याच्यासाठी कोडला हात लावावा लागत नाही ते सेटिंग. सेटिंग ज्या फाईलीत असतं ती कॉन्फिग फाईल. सगळे पासवर्ड 'डॉट ईएनव्ही' (.env) नावाच्या फाईलीत असतात, ती फाईल गिटवर (कोड साठवायची जागा) चढवायची नाही आणि ब्राउझरमधून उघडेल अशा फोल्डरात ठेवायची नाही. कॉन्फिग फाईल बदलायच्या आधी तिची तारीख घालून कॉपी काढायची. बदलल्यावर आधी 'इंजिनएक्स मायनस टी' (nginx -t) चालवून तपासायचं, मग फेरवाचन (रीलोड). बंद करून उठवायचं असेल तर मला विचारायचं."

होटगीरोड:
शेवटचं वाक्य सगळ्यात वर घे बे.