टॉम ब्रेडी म्हणतो, हल्लीचं एनएफएल सुमार झालंय. पटतंय का?

बॉस्टनचा_बंडू
नोव्हेंबर 2023 मध्ये, निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा नामांकित क्वार्टरबॅक (पास फेकून चाल चालवणारा खेळाडू) टॉम ब्रेडी क्रीडा-भाष्यकार स्टीफन ए. स्मिथच्या कार्यक्रमात बोलला होता. आजच्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, सुमारपणा फार आहे, कोचिंग पूर्वीसारखं नाही, तरुण पोरं नीट घडवली जात नाहीत आणि नियमांनी वाईट सवयी लावल्यात, असा एकूण सूर. यावर परवा आमच्याकडे पुन्हा वाद झाला म्हणून धागा काढतोय.

मला त्याचं म्हणणं पूर्ण पटतं. त्यातही एक गोष्ट जास्तच: समोरच्या खेळाडूला जपणं हे बचावपटूचं काम नाही, ते क्वार्टरबॅकचं आहे. खेळ माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, मैदानाच्या मधून आडवा धावतो, मान मागे, नजर चेंडूवर. समोरून सेफ्टी (मागच्या फळीतला बचावपटू) सुसाट येतोय हे त्याला दिसत नाही. क्वार्टरबॅकला दिसतं. पूर्वी मधोमध रे लुइससारखा धडकी भरवणारा बचावपटू उभा असला की शहाणा क्वार्टरबॅक तिथे पास टाकायचाच नाही, किंवा इतका खाली टाकायचा की आपला गडी वाकूनच घेईल. आता बिनधास्त फेकतात. धडक बसली की पंचांचा पिवळा फ्लॅग, 15 यार्ड फुकटात. चूक फेकणाऱ्याची, दंड भरतोय दुसराच.

ठोंब्या
आमच्या वेळी असं नव्हतं हो! कॉमेंट्री बॉक्सचे वेध लागले की सगळ्यांनाच आपला काळ सोन्याचा दिसतो. क्रिकेटवाले काय वेगळं बोलतात?

मेधा_के
बंडू, हे ब्रेडीने म्हणावं याचंच नवल वाटतं. 2008 च्या पहिल्याच सामन्यात चीफ्स संघाचा बर्नार्ड पोलार्ड जमिनीवरूनच त्याच्या गुडघ्यावर झेपावला आणि ब्रेडीचा अख्खा सीझन गेला. 2009 पासून, खाली पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेपावायला बंदी आली. लोक त्याला ब्रेडी रूलच म्हणतात.

त्याआधीचं बघ. जानेवारी 2004 मध्ये ब्रेडीच्या पेट्रियट्स संघाच्या बचावाने कोल्ट्सच्या रिसीव्हरांना इतकं धरलं-ओढलं की लीगने पुढच्या सीझनला रिसीव्हरला पाच यार्डांपुढे हात न लावण्याचा नियम कडकपणे पाळायला लावला. त्याच वर्षी कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे 49 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे). 2007 मध्ये ब्रेडीचे 50. विक्रम करताना नियम गोड आणि घरी बसल्यावर कडू?

बॉस्टनचा_बंडू
ज्याला फायदा झाला त्यालाच नियम कसे वाकवतात ते जवळून कळतं ना! आणि तो स्वतःला जपण्याबद्दल बोलतच नव्हता, रिसीव्हरला जपण्याबद्दल बोलत होता.

डॉक्टर_नाही_पण
मग रिसीव्हरबद्दलच बोलू. 12 ऑगस्ट 1978, ओकलंड. सीझनपूर्वीचा सामना, हार-जीत कशातच धरली जाणार नव्हती. पेट्रियट्सचा (हो, ब्रेडीच्याच संघाचा) डॅरिल स्टिंगली असाच आडवा आला. क्वार्टरबॅक स्टीव्ह ग्रोगनचा पास उंच गेला, स्टिंगली त्यासाठी झेपावला आणि समोरून रेडर्सचा जॅक टेटम. मान मोडली. तेव्हा वय 26, पुढचं सगळं आयुष्य व्हीलचेअरवर. 2007 मध्ये गेला. फ्लॅग पडलाच नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती. ग्रोगन काही बेजबाबदार नव्हता, चेंडू जरासा वर गेला एवढंच. क्वार्टरबॅकच्या मनगटावर दुसऱ्याचा कणा सोपवायचा असेल तर तसं सरळ म्हणा.

त्याच सीझनमध्ये रेडर्सचा क्वार्टरबॅक होता केन स्टेबलर. 2015 मध्ये तो वारला, नंतर मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. बॉस्टन विद्यापीठाने 2017 मध्ये एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई निघाला. (मेंदू देणाऱ्यांत घरी त्रास पाहिलेली कुटुंबंच जास्त, त्यामुळे हे प्रमाण सगळ्यांना लावू नका. तरीही.)

ठोंब्या
आणि 2024 पासून ब्रेडीसाहेब त्याच रेडर्समध्ये भागीदार, शिवाय फॉक्सवर समालोचन. सुमार माल विकायला हरकत नाही!

पाटील_ह्यूस्टन
सगळे धडकांवरच अडकलात. त्याचा पहिला मुद्दा कोचिंगचा होता आणि तिथे तो अगदी बरोबर आहे. स्वतः ब्रेडी 2000 मध्ये नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) 199 व्या क्रमांकाला निवडला गेला आणि वर्षभर बाकावर बसला. अख्ख्या सीझनमध्ये तीन पास टाकले, पैकी एक पूर्ण, सहा यार्ड. घोटून घ्यायला वर्ष मिळालं. आता बघा: 2023 मध्ये पँथर्स संघाने क्वार्टरबॅक ब्राइस यंगला पहिल्या क्रमांकावर घेतलं, सप्टेंबरात थेट मैदानात उतरवलं, आणि ब्रेडी हे बोलला त्याच महिन्यात कोच फ्रँक राइकला 11 सामन्यांत नारळ दिला. पोराने शिकायचं कोणाकडून? उलट पॅकर्स संघाने जॉर्डन लव्हला तीन वर्षं अनुभवी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्समागे बसवला, त्याचं सोनं झालं.

भर म्हणून 2011 च्या करारात, पॅड घालून सराव सीझनमध्ये फक्त 14 वेळा. ब्लॉकिंग काय व्हिडिओ बघून येतं?

मेधा_के
पाटील, यंगचं पटलं. पण तो 2011 चा करार खेळाडूंच्याच संघटनेने केलेला आहे, आणि त्याआधी संघमालकांनी खेळाडूंना बाहेर ठेवलं त्या टाळेबंदीच्या काळात खेळाडूंनी लीगवर जो दावा लावला त्याचं नाव ‘ब्रेडी विरुद्ध एनएफएल’. वादींत पहिला तोच.

पाटील_ह्यूस्टन
दाव्यावर नाव असलं म्हणजे कलमं त्याने लिहिली असं होत नाही.

मेधा_के
नाही होत. पण 12 वर्षांनी तक्रार करताना एकदा तरी त्याचा उल्लेख करायचा!

बॉस्टनचा_बंडू
स्टिंगलीच्या उदाहरणाबद्दल, डॉक्टर: डोक्यावरच्या धडकेवर फ्लॅग ठेवाच, मी काढा म्हणत नाही. पण उघड दिसत असताना गड्याला सेफ्टीच्या तोंडी देणारा पास टाकला, तर दुसरा फ्लॅग क्वार्टरबॅकवर. दोन्ही दंड एकमेकांत वजा, 15 यार्ड रद्द.

डॉक्टर_नाही_पण
‘उघड दिसत होतं’ हे ठरवणार कोण? पंच? आत्ताच रिप्लेला पाच-पाच मिनिटं लावतात.

बॉस्टनचा_बंडू
लावू देत. नाहीतरी जाहिरातीच बघतो आपण.